शाईचा शेवटचा हात

“आणि शेवटच्या हाताला शिकणारं पोरगं कुठं असायचं?”

सुमेरगिरी महाराजांनी हे विचारलं, तेव्हा हैबती मिस्त्री मठाच्या ओसरीवर मान खाली घालून बसला होता.

“चहा सांगायला.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

“इतका चहा लागायचा तुला?”

मिस्त्रीनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

“नाही. चहा मला बाधतो, महाराज.”

मिस्त्री म्हणजे आमच्या बार्शीच्या पेठेतला तबले करणारा. मी नागनाथ, त्याच्या शेजारचा सुतळी-दोरखंडवाला. आमच्या दोन दुकानांत एकच भिंत आहे, तीही पातळ. त्यामुळं त्याच्या दुकानातलं मला न विचारता कळतं.

तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, मधोमध काळा गोल असतो ना, त्याला शाई म्हणतात. लाकूड काय, कातडं काय, कुणीही जमवील. तबल्याचा जीव त्या गोलात. काळ्या भुकटीचा लगदा करायचा, अंगठ्यानं थर द्यायचा, थर जरा सुकला की दगडानं घोटायचा. मग पुन्हा थर, पुन्हा घोटणं. शेवटचा हात असा मारायचा की बोट पडल्यावर खोली भरून यावी. हैबतीच्या शाईसाठी माणसं कुठून कुठून यायची. त्याचा त्याला ताठाही होता. ताठा जरा कमी असता तर ही पाळी आली नसती, असं माझं मत आहे. ते मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. शेजारी असतो कशाला?

दर माघात तो बालाघाटाच्या उतारावरच्या या मठात यायचा आणि मठाचा तबला नीट करून द्यायचा. तबला त्याच्या वडिलांच्या हातचा. घ्यायचा काही नाही, जेवून जायचा.

यंदा मी त्याला स्कूटरवर मागं बसवून आणला होता. दिवाळीपासून त्याच्या उजव्या हाताला कंप होता. डॉक्टर म्हणाला वयाचं आहे. सदऱ्याचं बटण लागत नाही तिथं शाई काय घोटणार? तबल्याची शाई तर पार उडालेली. तबला पुढ्यात घेऊन बसला, दगड हातात घेतला, तो खटखट पुडीवर आपटायला लागला. मिस्त्रीनं दगड खाली ठेवला. तिथून हे बोलणं निघालं.

महाराज नव्वदीच्या पुढचे. तोंडात दात दोनच, पण कान तल्लख.

“का पाठवायचास चहाला?”

“आमच्या वडिलांनी एकाला सगळं शिकवलं होतं. त्यानं वर्षाच्या आत समोरच दुकान टाकलं. गुरूची विद्या गुरूला. वडील जाताना म्हणाले, हैबती, पोरं ठेव, पण हातचं राखून शिकव.”

“राखलंस?”

“राखलं.”

“मग तुझ्यासमोर दुकान कुणी टाकलं?”

“कुणीच नाही.”

“झालं की मनासारखं.”

मला वाटलं, महाराज आता हसतील. ते हसले नाहीत.

“पोरांना द्यायचास काय?”

“दोन वेळचं जेवण. हातखर्चाला थोडं. दिवाळीला कापड. शिव्या.”

“आणि ती तुला काय द्यायची?”

मिस्त्री आधी दुकानदारासारखा बोलला. कातडं भिजवायची, केस काढायची, वाद्या ओढून पुडी ताणायची, माल पोचवायची. एकट्यानं आठवडा घालवावा असलं काम पोरं असली की दोन दिवसांत उरकायचं.

“हे झालं मजुराचं,” महाराज म्हणाले. “पोरांचं सांग.”

मिस्त्रीनं मान वर केली.

“विचारायची, महाराज.”

“काय?”

“काहीही. मिस्त्री, दगड पाण्यात का बुडवायचा? मिस्त्री, पावसाळ्यात खळ घट्ट का करायची? डोकं उठवायची. मी आधी खेकसायचो. मग सांगायला लागलो की माझं मलाच कळायचं, आपण हे का करतो ते. वडिलांनी मला कधी का ते सांगितलं नव्हतं. कर म्हणाले, केलं. पोरांनी विचारलं म्हणून माझा हात सुधारला. लोक ज्याला हैबतीची शाई म्हणतात ना, ती बिभीषण दुकानात आल्यावरची. त्याच्या आधीची माझी शाई चारचौघांसारखीच होती.”

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. भिंतीला इतकी वर्षं कान लावून मीही हे ऐकलं नव्हतं.

बिभीषण म्हणजे त्याचा शेवटचा शागीर्द. परांड्याकडचा, काळासावळा, बोटं लांब. तो होता तोवर दुकानाला कळा होती. गिऱ्हाईक पायरीशी आलं की कुणीतरी या, बसा म्हणायचं. एकटा मिस्त्री मान वर करत नाही, गिऱ्हाईक उभं राहून निघून जातं. मिस्त्रीला कावीळ झाली तेव्हा दोन महिने दुकान बिभीषणानंच ओढलं. शाईचं काम तेवढं पडून राहिलं. मिस्त्री खाटेवर पिवळा होऊन पडलेला, तरी भुकटीचा डबा उशाशी.

आता मिस्त्री आजारी पडला की शटर पडतं. एवढाच फरक म्हणा.

“पुढं कुणी मिळालं नाही?” महाराजांनी विचारलं.

“मी घेतलं नाही. बिभीषण सोडून गेला तेव्हा म्हटलं, नको आता, पोरं ठेवली की घोर. एकट्याचं भागतं. मग हात हा असा झाला. तेव्हा पाटी लावली, शिकाऊ पाहिजे म्हणून.”

“आलं कुणी?”

“एकजण आला. आत डोकावून म्हणाला, मोबाईल दुरुस्ती का?”

मला हसू आलं, ते मी गिळलं.

“बिभीषणाला बोलवायचंस.”

“गेलो होतो.”

“मग?”

मिस्त्रीनं उजवा हात डाव्या हातात धरला. तरी तो हलतच होता.

“सोलापूरला दुकान आहे त्याचं. मोठं आहे. पेट्या, गिटार, सगळं ठेवतो. मला बघून गिऱ्हाइकांसमोर पाया पडला. उस्ताद आले म्हणाला. खुर्ची दिली. मी म्हटलं, बिभीषण, तुला शेवटचा हात द्यायला आलोय. राखलेला. सगळा देतो... तो हसला नाही, महाराज. हसला असता तर बरं झालं असतं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, मिस्त्री, आता कशाला? माझं बसलंय. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.”

“फरक होता?”

“मी त्याच्या तबल्यावर बोट मारलं. बद्द. पत्र्याच्या डब्यावर मारावं तसं. तरी चाललाय. त्याचाच चाललाय. माझ्या नावावर चाललाय, महाराज. बाहेर पाटी आहे, हैबती मिस्त्रींचे शागीर्द म्हणून.”

ओसरीसमोर कडुलिंबाची पानं गळत होती. महाराज त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं संपलं. पण मिस्त्रीला अजून पुढचं सांगायचं होतं, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

“बोल.”

“त्याच्याकडं दोन पोरं आहेत शिकायला.”

“चांगलंय.”

“शाईचं काम चाललं होतं. शेवटचा थर आला. मी पुढं सरकलो, म्हटलं बघू तरी. तर बिभीषण पोरांना म्हणाला, जा रे, चहा सांगून या. मी म्हटलं, अरे, मला बाधतो, मला नको. तर म्हणाला...”

मिस्त्री थांबला.

“म्हणाला, तुमच्यासाठी नाही, मिस्त्री. शेवटच्या हाताला पोरं समोर ठेवायची नसतात. तुमचीच रीत आहे.”

महाराजांनी पानांवरची नजर त्याच्याकडं वळवली.

“त्याच्यापाशी राखायला काहीच नव्हतं, महाराज. तरी राखत होता. आणि ती पोरं उठून चालायला लागली. त्यांनाही ठाऊक होतं, आता उठायचं असतं. उद्या तीही कुणाला तरी उठवतील. शेवटच्या हातातलं माझं एवढंच पुढं गेलं.”

हे बोलून तो रडला. साठीपुढचा माणूस, आणि असा रडला की मी उठून रांजणातून पाणी आणलं. तो प्यायला नाही.

महाराज म्हणाले, “माझ्याकडून काय पाहिजे?”

“चार-पाच वर्षं. फक्त हात थांबू द्या. तेवढ्यात कुणालातरी धरून बसवतो, देऊन टाकतो. मग मरू द्या.”

“तशी विद्या असती तर आधी माझे गुडघे बरे नसते केले?”

“म्हणजे काही नाही.”

“काही नाही.”

“मग संपलंच की. माझ्याबरोबर सरणावर जाणार.”

“जाईल.”

मला महाराजांचा राग आला. माणूस एवढा घाट चढून येतो, तुमच्या पायाशी रडतो, आणि तुम्ही जाईल म्हणता? दोन गोड शब्द बोलायला काय जातं? मी तसं म्हणणारही होतो.

तेवढ्यात महाराजांनी तबला स्वतःच्या पुढ्यात ओढला.

“भुकटी आणलीयस?”

“आणलीय.”

“काढ. घोटू या.”

“हात कुठाय, महाराज?”

“हा घे.”

महाराजांनी आपला उजवा हात पुढं केला. हाडं आणि कातडं, त्यावर निळ्या शिरा.

“थट्टा करू नका.”

महाराजांनी हात मागं घेतला नाही. तसाच हवेत धरून बसले. नव्वदीच्या माणसाचा हात, दुखत असणार, पण खाली येईना. मिस्त्री त्या हाताकडं बघत राहिला... मग त्यानं पिशवीत हात घातला.

मला हुकूम झाला की चुलीवर खळ शिजवून आण. मी पीठ कालवलं, शिजवलं, आणलं. मिस्त्रीनं डबा उघडला. इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहिलेला तो डबा मी पहिल्यांदा आतून बघितला. मला वाटलं होतं, काय असेल आणि काय नाही. काळी भुकटी होती, लोखंडाची. खळीत कालवली, मळली, झाला लगदा. एवढ्यासाठी हा माणूस घरात मळायचा, दार लावून.

“अंगठा,” मिस्त्री म्हणाला.

महाराजांनी अंगठा लावला. थर वाकडा बसला.

“खरडून काढा. परत.”

परत लावला.

“मधी जास्त झाला. काढा.”

मिस्त्री खेकसत होता. महाराजांवर खेकसत होता, ज्यांच्या पाया पडल्याशिवाय तो ओसरी चढत नसे. महाराज मुकाट्यानं खरडत होते. थर जमला तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. मग दगड आला.

“किती दाबू?”

“कळतं ते.”

“मला नाही कळत.”

“हाताला कळतं, महाराज.”

“कुठल्या हाताला?”

मिस्त्रीनं मांडीवरच्या आपल्या हाताकडं बघितलं. तो आपला हलत होता, त्याच्या नादात. मग मिस्त्री डोळे मिटून बसला. शब्द शोधत असावा. आयुष्यात त्याला त्या कामाला शब्द लागले नव्हते.

“भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतो ना... तेवढा दाब.”

“भाकऱ्या मी खूप केल्यात. आणखी?”

“दगडाचा आवाज ऐका. आधी खरखर येईल. मग ती बारीक होत जाईल. शाईला बारीक भेगा पडतील, त्या पडू द्यायच्या. मग एक वेळ अशी येते की आवाज... थांबत नाही, पण...”

“पण?”

“पण...”

“सांग.”

“सांगता येत नाही, महाराज. कुणी तिथवर विचारलंच नाही. विचारलं असतं बिभीषणानं. त्या जागेवर आलो की मीच त्याला उठवायचो.”

महाराज घोटत राहिले. थर, ऊन, दगड. थर, ऊन, दगड. मधे मी भात-पिठलं केलं. मिस्त्रीनं दोन घास खाल्ले आणि परत तबल्यापाशी जाऊन बसला. महाराजांच्या पाठीला कळ लागली होती. त्यांनी भिंतीला टेकून घेतलं, पण दगड सोडला नाही.

सावल्या लांबल्या, तेव्हा शेवटचा थर आला.

मिस्त्री सावरून बसला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खांद्यावरचा पंचा काढून डब्यावर टाकला, आणि मान न वळवता मला म्हणाला,

“नागनाथ, जा जरा, चहा...”

आणि मी उठलो. खोटं कशाला सांगू, मी उठून उभासुद्धा राहिलो. असं काही त्या आवाजात होतं.

मिस्त्री तसाच बसून राहिला, तोंड अर्धवट उघडं. त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

महाराज दगड हातात धरून वाट बघत राहिले.

“बस,” मिस्त्री मला म्हणाला. मग अगदी हळू, “बस बाबा. कुठं जाऊ नको.”

मी बसलो.

त्यानं डब्यावरचा पंचा उचलला आणि मांडीवर ठेवला. मग आपला हलता हात महाराजांच्या हातावर ठेवला. तो कंप खाली महाराजांच्या हातात उतरला आणि दगड कापायला लागला. त्यानं हात काढून घेतला. परत ठेवला. परत कापायला लागला. शेवटी त्यानं हात पाठीमागं नेला आणि नुसतं तोंडानं सांगत राहिला. हलकं. अजून हलकं. आता थांबा... नाही, थांबू नका. आता. आता थांबा.

महाराज थांबले.

शाई सुकली. मिस्त्रीनं मला वाद्या ओढायला लावल्या. दोरखंडवाला आहे मी, ओढणं मला येतं. मग त्यानं डाव्या हाताचं बोट उचललं आणि पुडीवर मारलं.

बद्द.

सुतळी विकणाऱ्या मलाही कळलं. त्यानं दुसऱ्या बाजूनं मारलं. तेच. तबल्यात जीव नव्हता.

“बिभीषणापेक्षा वाईट,” मिस्त्री म्हणाला.

महाराजांनी मान डोलावली.

“चुकलं कुठं?”

“शेवटी. मी उशिरा थांबवलं. मला हातानं कळतं, कानानं पुरतं कळत नाही. जरा आधी थांबायला पाहिजे होतं. केसभर.”

“केसभर.”

“शाई खरडावी लागेल. पहिल्यापासून.”

मिस्त्रीनं दगड पुसला, पिशवीत टाकला. डब्याचं झाकण लावायला गेला, ते त्याला लागेना, मी लावून दिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. सकाळी आला तेव्हा निदान काहीतरी मागायचं होतं त्याच्यापाशी.

“महाराज, रागावू नका. पण याचा काही उपयोग नाही. चांगलं डोकं, तरणा हात, रोज बसला तरी पोराला चार-पाच वर्षं लागतात. मला तेवढी नाहीत. तुम्हाला तर...” त्यानं वाक्य गिळलं. “आणि शिकलात तरी तुमच्यामागं कोण? मठात एक मांजर नाही. तुमच्यापाशी ठेवलं काय आणि नदीत सोडलं काय, सारखंच. आज मी नुसता तुमचा दिवस घालवला. पाठ दुखवली तुमची.”

“दुखतीय खरी.”

“माझं मी ओळखून आहे. मी राखलं, आता ते माझ्यापाशीच राहिलं. कुणाला दोष देऊ?”

महाराज चुलीतली राख घेऊन अंगठ्यावरचा काळा डाग घासत बसले. डाग निघत नव्हता.

मी म्हणालो, “चला मिस्त्री, उजेड आहे तोवर घाट उतरू. माझ्या गाडीचा दिवा मंद आहे.”

मिस्त्री उठला. महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही. मग पायऱ्या उतरला. मी स्कूटर वळवून घेतली, त्याला मागं बसायला हात दिला. तो बसला, पिशवी पोटाशी धरली.

“हैबती,” ओसरीवरून हाक आली.

“जी, महाराज.”

महाराज खांबाला धरून उभे राहिले होते. उठायला त्यांना किती त्रास झाला असेल, ते मी बघितलं नाही.

“उद्या दुकान किती वाजता उघडतोस?”